तेलंगी गल्लीची पाटी

गल्लीच्या तोंडाशी शिलाई मशीन घेऊन बसलं, की किस्से शोधायला जावं लागत नाही. ब्लाऊज टाकायला आलेली बाई माप देता देता एक सांगते आणि न्यायला आली की दुसरा. मशीनखालच्या चिंध्या मी रोज झाडून टाकते. किस्से मात्र साचतच गेले. त्यातले हे काही, आमच्या गल्लीला नाव द्यायचं ठरलं तेव्हाचे. गावात केबल आणि एसटीडीचे पिवळे बूथ नुकतेच आले होते, त्या वर्षांतले.

गल्लीत वीस-पंचवीस घरं विणकरांची. निजामाच्या काळात तेलंगणातून आलेली. घरात तेलुगू, ओट्यावर मराठी. मधेच आमचं एक वाण्याचं घर. कागदावर गल्लीला नाव नव्हतं. कुणी तेलंगी गल्ली म्हणायचं, कुणी मागाची गल्ली.

*

पत्ता सांगायची आमच्या सासऱ्यांची एक पद्धत होती. "मारुतीच्या देवळावरून सरळ या. मागाचा खटखट आवाज आला की वळा."

माझं लग्न झालं त्या वर्षी वेळ अमावास्येच्या सणाला काका घाटनांदूरहून माझ्यासाठी मिसळ भाज्यांची भज्जी आणि आंबील घेऊन निघाले. आमच्या घरी पहिल्यांदाच येत होते. देवळावरून सरळ आले आणि तासभर हिंडले, पण खटखट काही ऐकू येईना. शेवटी पानवाल्याला विचारलं, "माग चालत्यात ती गल्ली कुठं हाय?"

"अमावास्येला माग बंद ठेवत्यात ते लोक," पानवाला म्हणाला. "तुमी तीनदा त्याच गल्लीतून गेलात काका. मला वाटलं, पाय मोकळे करताय."

*

गल्लीत सगळ्यात थोरल्या नरसव्वा. आम्ही सगळे त्यांना अव्वा म्हणायचो. नवरात्राच्या सुमाराला त्यांच्या अंगणात बतकम्मा मांडायचे. ताटात तरवडाची पिवळी फुलं, कुरडू, झेंडू असे थर रचत उंच शिखर करायचं आणि बायांनी टाळ्या वाजवत त्याच्याभोवती फिरायचं. तेलुगू गाणी मला कळत नव्हती, पण टाळी कळत होती. मी गेले.

सासूबाई आमच्या दारात उभ्या. "आपल्यात असलं न्हाई," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशीही दारातच. तिसऱ्या दिवशी अंगणात आल्या, माझा हात धरून मला बाजूला केलं आणि म्हणाल्या, "टाळी चुकायलीस तू. दोन दिवस बघतीय मी."

*

मग नगरपालिकेनं ठरवलं, प्रत्येक गल्लीला पत्र्याची पाटी लावायची. आमचे नगरसेवक बापूराव गल्लीत आले. त्यांच्या मनात वडिलांचं, अण्णांचं नाव होतं. अव्वा म्हणाल्या, "बतकम्मा गल्ली म्हना. आमची खूण राहू द्या."

बापूराव माणूस वाईट नव्हता. समजावून सांगायला लागला, "अव्वा, बाहेरून आलेल्या लोकांची नावं गावाला कावून द्यायची?"

"बाहेरून? माझा सासरा ह्याच गल्लीत जल्मला. तुझ्या आईच्या लग्नातलं लुगडं त्यानं इनलं. तवा न्हाई कुनी इचारलं, कुठनं आला म्हनून."

"लुगडं वेगळं, पाटी वेगळी. आणि गल्लीत नळ कुणी आणला? अण्णांनी. हे तर खरं का न्हाई?"

"खरं हाय," अव्वा म्हणाल्या. "मग नळाला द्या त्यांचं नाव."

*

मी दहावी पास, म्हणून अर्ज लिहायचं काम माझ्याकडं आलं. नाव काय लिहायचं यावर पुरुषमंडळींचं दोन दिवस चाललं. त्यांना देवाचं नाव हवं होतं. बायांना बतकम्माच हवी होती. शेवटी मी बतकम्मा गल्लीच लिहून टाकलं आणि सह्या घ्यायला निघाले. घरातच अडले. सासूबाई म्हणाल्या, "आपला काय संबंध? आपण काय तेलंगी हाव?"

मी विचारलं, "आपण मूळचे कुठले?"

"बिदरकडचे," त्या म्हणाल्या, आणि पेन मागितलं.

*

अर्ज द्यायला मी आणि अव्वा नगरपालिकेत गेलो. अव्वांचं माहेर करीमनगरकडचं. वडिलांनी त्यांना तेलुगू अक्षरं शिकवली होती. मराठी बोलायच्या झोकात, पण वाचता येत नव्हती. सही त्यांनी तेलुगूतच ठोकली होती, गोल गोल, रांगोळीसारखी.

क्लार्कनं कागद वळवून वळवून बघितला. "ही सही चालत न्हाई. मराठीत करा."

अव्वांनी अंगठा पुढं केला. "मग हा घे. ह्याला कुठलीच भाषा येत न्हाई."

*

अर्ज पडून राहिला आणि इकडं माग बंद पडायला लागले. पॉवरलूमच्या साड्या बाजारात आल्या. आमच्याच गल्लीतल्या बाया त्या नेसून माझ्याकडं फॉल लावायला यायच्या. एकेक घर सोलापूरला, भिवंडीला गेलं. आता खटखट ऐकून वळा म्हणायची सोय राहिली नाही.

बापूराव एकदा दुकानाशी थांबले. "वहिनी, त्यांची चारच घरं राहिली. आता पाटी लावायची ती कुणासाठी?"

अव्वा आत मशीनमागं बसल्या होत्या, ते बापूरावांना दिसलं नव्हतं. "जानार हाव म्हनूनच मागतोय," अव्वा म्हणाल्या. "राहनाराला पाटी कशाला लागती?"

बापूराव चहा न घेताच गेले.

अव्वांच्या मुलानंही सोलापूरला कारखान्यात काम धरलं. तो न्यायला आला की अव्वा एकच सांगायच्या, "पाटी लागल्याबिगर मी एसटीत पाय टाकनार न्हाई." असा तो दोनदा रिकामा परत गेला.

*

आणि पाटी लागली. तिसऱ्यांदा मुलगा आला होता त्याच दिवशी सकाळी पेंटर येऊन ठोकून गेला. निळा पत्रा, पांढरी अक्षरं. कैलासवासीपासून सुरुवात, मग अण्णांचं पूर्ण नाव, खाली मार्ग. दीड ओळ झाली होती.

गल्लीतले सगळे बाहेर आले. रिक्षात अव्वांची गाठोडी भरलेली. मुलगा म्हणाला, "अव्वा, चल, दहाची गाडी जाईल."

अव्वा पाटीखाली येऊन उभ्या राहिल्या. पदर सारखा केला. मला म्हणाल्या, "वाच गं पोरी, काय लिवलंय."

मी सासूबाईंकडं बघितलं. त्या जमिनीकडं बघत होत्या.

मी वाचलं, "बतकम्मा गल्ली."

अव्वांनी पाटी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. "एवढं लांब?"

"मराठीत जरा लांबच होतं, अव्वा."

त्यांनी माझ्या हनुवटीला हात लावला. म्हणाल्या, "तुला खोटं बोलता येत न्हाई. पन अजून एकदा वाच."

मी पुन्हा वाचलं. या वेळी जरा मोठ्यानं.