तेलाचं बोट

देवळीच्या दुकानात बिलाचा टचस्क्रीन बंद पडला, त्या दिवशी मी तिथे होते. त्याच दिवशी काकाजी गल्ल्यावरून उठले. पुन्हा तिथे बसले नाहीत. एवढं सगळ्यांना माहीत आहे. उरलेलं मी कोणाला सांगितलेलं नाही — आईला नाही, नवऱ्याला नाही, गिरीशदादाला तर नाहीच. तुम्हाला तरी कसं सांगावं, हे अजून ठरत नाही. हळूहळू लिहिते.

काकाजी माझे नात्याने कोणी नव्हते. बाबांचे मित्र. त्यांचं किराणा दुकान देवळीत, आमच्याच गल्लीत. पुड्या बांधायला ते रद्दी घेत. तीत वर्तमानपत्रं, जुन्या वह्या, कधी एखादं पुस्तकही निघे. पुस्तक मात्र ते फाडत नसत. बाजूला ठेवत आणि मी रस्त्यात दिसले की ओरडत, "ओ वाचनालय, तुहा माल आला!" जवसाचं तेल पिंपातून मापाने देत असल्यामुळे त्यांचे हात सदा तेलकट. आधी खांद्यावरच्या दुपट्ट्याला हात पुसणार, मगच पुस्तक उचलणार. बहुतेक पुस्तकांची पहिली पानं गेलेली असत. सुरुवात मी अंदाजाने जुळवायची. ती सवय मला तिथेच लागली — अंदाजाने पुढे जायची.

पुढे मी वर्ध्याला कॉम्प्युटर शिकले आणि दुकानांत बिलाची मशीन बसवणाऱ्या एका कंपनीत लागले. पुलगाव, आर्वी, देवळी — स्कुटीवरून माझी फेरी असे. मशीन लिनक्स नावाच्या सिस्टीमवर चालणारं, समोर टचस्क्रीन. गिरीशदादाने, म्हणजे काकाजींच्या मुलाने, ते घेतलं तेव्हा मला कोण आनंद झाला होता! काकाजींना मीच शिकवलं. बटणांवर मी चित्रं टाकून दिली — गुळाची भेली, साबणाची वडी, तेलाचं माप. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "ह्या टीव्हीत बातम्या काऊन नाई दिसत?" आठवडाभरात त्यांचं बोट माझ्यापेक्षा सराईत झालं. मी एकच नियम सांगितला होता, हात पुसून बोट लावायचं. तो त्यांनी असा धरला की गिऱ्हाईकं चिडवायची, "काकाजी, पुसून झालं, आता उदबत्ती बी लावा टीव्हीले." ते हसायचे आणि पुन्हा पुसायचे.

त्या दिवसांत दुकानात गेलं की मला फार बरं वाटायचं. मसाल्याचा वास, तराजूचा आवाज, आणि मधोमध निळसर उजेडात काकाजींचा चेहरा. ते दिवस आता कुठून आणू?

मग मशीनची सिस्टीम नवी केली आणि स्क्रीन बोटाला उशिरा दाद देऊ लागला. त्यावर उपाय होता: स्क्रीनच्या आत त्याचा स्वतःचा एक छोटा प्रोग्राम असतो, फर्मवेअर, तो बदलायचा. काम अवघड नाही. स्क्रीनच्या पाठीवर लेबल असतं. त्यावरचा मॉडेल नंबर वाचायचा, त्याच नंबरची फाइल घ्यायची, जुनी जपून ठेवायची, मग नवी चढवायची. पोळ्याच्या आदल्या दिवसाची गर्दी होती. स्क्रीनची पाठ भिंतीकडे, मधल्या जागेत साबणाची खोकी रचलेली. आदल्याच दिवशी आर्वीला मी अगदी असाच दिसणारा स्क्रीन केला होता. म्हटलं, तोच असणार.

फाइल चढवायला घेतली, तर मशीन थांबलं. मॉडेल जुळत नाही, तरी पुढे जायचं का, असं त्याने विचारलं. मी ते वाचलं — हे मला नीट सांगायचं आहे. नजरचुकीने राहिलं, असं नाही. हाती येईल ते वाचणारी बाई मी. तेही वाचलं आणि 'हो' दाबलं.

का? घाई होती म्हणून? की काकाजी शेजारी उभं राहून येईल त्याला सांगत होते, "पाह्यलं? आपली पोरगी हाय, मशीनचा डॉक्टर"? त्यांच्यासमोर खोकी हलवून लेबल शोधायला मला कमीपणा वाटला. दुसरं काही नाही.

जवसाच्या तेलावर बोट ठेवलं तर साबणाचं बिल होऊ लागलं. थोड्या वेळाने तेही होईना. जुनी फाइल मी जपून ठेवलीच नव्हती. रांगेतली माणसं कुरकुरू लागली. गिरीशदादा वैतागून म्हणाला, "बाबाच्या तेलाच्या हातानं झालं असन. नाई का?"

त्याने मला विचारलं होतं. मी नाही म्हणू शकत होते. मी म्हटलं, "हो. कडेच्या फटीतून तेल आत जातं."

काकाजी माझ्याकडे वळले. "मी त पुसत होतो, पोरी. तूच सांगितलं होतं ना? पुसत होतो ना मी?"

ते भांडत नव्हते — माझी साक्ष मागत होते. दर फेरीला पाहणारी मीच होते ना?

"थोडं राहूनच जातं, काकाजी," मी म्हटलं.

त्यांनी हात आधी पालथे, मग उताणे करून पाहिले. मग खुर्ची मागे सारली. "बस गिरीश, तूच बस."

स्क्रीन मी वर्ध्याला आणला. टेबलावर पालथा घातला, तर लेबल समोरच होतं. बरोबर फाइल चढवली आणि तो चालू लागला. परत नेऊन बसवला आणि सांगितलं, आतून साफ केलाय. गिरीशदादाने चहा मागवला. मी तो प्याले.

त्यानंतर काकाजी बाहेरच्या बाकावर रद्दी निवडत बसत. मी गेले की विचारत, "चालते ना आता बरोबर?" मी म्हणे, चालतो. काही कामाने गल्ल्याजवळून जावं लागलं, तर ते दोन्ही हात दुपट्ट्याखाली घेत. हे मी अनेकदा पाहिलं. प्रत्येक वेळी सांगता आलं असतं. एक वाक्य तर होतं. मी स्कुटी सुरू करून निघायची.

गेल्या थंडीत ते गेले. तेरवीला गिरीशदादाने माझ्या हातात एक पिशवी दिली. म्हणाला, "बाबानं तुह्यासाठी काढून ठेवले होते. तू नेहमी घाईत राह्यची, त देनंच झालं नाई."

आत पुस्तकं होती. बाकावरच्या त्या सगळ्या काळातली.

तो स्क्रीन अजून चालतो. गिरीशदादा त्यावर बिलं करतो. पुस्तकं माझ्या टेबलावर आहेत. प्रत्येकाचं मुखपृष्ठ, कडा, आतली पानं मी उजेडात धरून पाहिली. कुठेही तेलाचं बोट नाही.