बाबांनी त्या वर्षी जमीन भाजली नाही

सकाळच्या एसटीला मला बसवायला बाबा तिठ्यापर्यंत आले होते. कणकवलीच्या पुढे आत आमचं गाव. एमएस्सी होऊन मला मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लॅबमध्ये नोकरी लागली होती. मातीतले जीवाणू हे माझं काम. झाडाच्या मुळाशी राहून त्याला अन्न मिळवून देणारे, रोगाला आड येणारे. हे बाबांना मी दोनदा समजावलं होतं, तरी कंडक्टरला त्यांनी लेकीबद्दल सांगितलं, “माजा चेडू मुंबयक चल्ला, मातयेतले किडे बघूक.” कंडक्टरने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, किडे गावात कमी पडले काय? गाडीतली माणसं हसली, बाबाही हसले. मला राग आला होता. आज वाटतं, त्या कंडक्टरचा प्रश्न काही अगदीच वेडगळ नव्हता.

कारण मातीचा अभ्यास करायला मी जिथे आले तिथे मातीच नव्हती. घाटकोपरला चौथ्या मजल्यावर राहायचं, मेट्रोने मरोळला जायचं, एसी लॅबमध्ये दिवसभर बसायचं. माती यायची ती कुरिअरने, प्लास्टिकच्या पिशव्यांतून, वर लेबल लावून. कुणाच्या तरी शेतातली चार मुठी. त्यातले जीवाणू मी प्लेटवर वाढवायचे, चांगले निवडून फ्रिजमध्ये ठेवायचे. तुम्ही गावातले मला विचारता, मुंबईत काय करतेस, तर हेच करते. शेत कसं आहे ते न बघता मातीबद्दल रिपोर्ट लिहिते. आणि माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांना सांगायला नको, की आपलं काम किती लवकर आपल्याला शहाणं वाटायला लावतं.

नोकरीच्या चौथ्या वर्षी शिमग्याला मी गावी गेले ते हे शहाणपण घेऊनच. बॅगेत लॅबमधली एक बाटली होती, जीवाणूंचं द्रावण. आमच्याकडे शिमगा झाला की भाजावळ सुरू होते. भाताची रोपं, म्हणजे तरवा, जिथे करायचा त्या तुकड्यावर शेण, पातेरा म्हणजे वाळका पाला, झाडांच्या फांद्या पसरून ती जमीन भाजून काढायची. आजोबा करायचे, पणजोबा करायचे. मी बाबांना म्हटलं, ह्याने वरच्या मातीतले चांगले जीव मरतात. यंदा भाजू नका. जूनमध्ये मिरगाच्या वेळी बी या बाटलीतल्या पाण्यात भिजवा आणि पेरा.

बाबा कुणाचं ऐकणारे नाहीत. कृषी खात्याच्या माणसाला त्यांनी एकदा चहा पाजून तसाच परत पाठवला होता. पण माझं ऐकलं. वाडीत सगळीकडे धूर निघत होता आणि आमचाच तुकडा तेवढा तसाच पडून होता. मला केवढा अभिमान वाटला होता तेव्हा. कशाचा, ते आता सांगता येत नाही.

मग मी मुंबईला परतले. पाऊस लागल्यावर फोनवर विचारलं की बाबा म्हणायचे, तरवा बरा आहे, तू तुझं काम कर.

चतुर्थीला चाकरमानी म्हणून घरी गेले आणि गणपतीला दुर्वा काढायला शेताकडे वळले, तर आमच्या खाचरात दुसरंच भात उभं. आमचं लाल भात, उंच आणि वाऱ्याने झुकणारं. हे ठेंगणं होतं. असं भात शेजारचे गोविंदकाका करतात. आईला विचारलं तेव्हा तिने पदराला हात पुसत सगळं सांगितलं. तरव्यात तण माजलं, रोपं पिवळी पडली, उपटायला गेलं तर हातात तुटायची. लावणीची वेळ टळत आली तेव्हा बाबा गोविंदकाकांकडे गेले आणि त्यांचा उरलेला तरवा मागून आणला. आमच्याकडे उरलेला तरवा कुणी विकत नाही, मागेल त्याला देतात. पण बाबांनी जन्मात कधी मागितला नव्हता, नेहमी दिलाच होता. वाडीत त्यांनी सांगितलं की बी जुनं होतं. माझं नाव कुठेच घेतलं नाही.

मी बाटलीची चौकशी केली. बाटली शिमग्यापासून मिरगापर्यंत पत्र्याखालच्या माळ्यावर होती. आणि आई रोज एकदा माळ्यावर चढून तिचं झाकण उघडत होती. मी म्हणाले होते ना की आत जिवंत जीव आहेत. “त्यांका श्वास नको? घुसमाटतले,” ती म्हणाली. मी तिच्यावर चिडू कशी? ती सांगत होती ते अगदी मायेने सांगत होती.

लॅबमध्ये आल्यावर शीतलला, माझ्या शेजारच्या टेबलवरच्या मैत्रिणीला, हे सांगितलं. ती आधी पोट धरून हसली, मग म्हणाली, “तू आईला सांगितलंस का गं, बाटली थंडीत ठेव म्हणून? नाही ना? मग वाट तूच लावलीस यार.”

खरं होतं. पण तेवढंच खरं होतं का? भाजलं नाही म्हणून तण माजलं? की राख मिळाली नाही म्हणून रोपं पिवळी? की बाटलीतले जीव उन्हाने मेले, की झाकणातून दुसरेच कुणी आत शिरले? शेजारी भाजलेला एक तुकडा ठेवला असता तर कळलं असतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलीलाही जे शिकवतात ते मी बापाच्या शेतात विसरले होते.

ते बाबांना आपणहून सुचलं. पुढच्या वर्षी मला न विचारता त्यांनी अर्धा तुकडा भाजला, अर्धा तसाच ठेवला. भाजलेल्यातला तरवा लवकर आणि स्वच्छ आला. न भाजलेल्यात आईने बसून तण काढलं, तो उशिरा आला पण तितकाच ताठ. लावणीनंतर कोणता कुठला, ते त्यांनाही ओळखता येईना. फोनवर म्हणाले, मग आता सांग. मी काहीतरी मोठे शब्द वापरून विषय बदलला. लॅबमध्येही मी हेच करते.

यंदा शिमग्यानंतर त्यांचा पुन्हा फोन आला. भाजू की नको? मी गॅलरीत उभी होते. उत्तर जुळवायला लागले आणि एकाएकी कंटाळा आला. म्हटलं, “बाबा, माका खराच म्हायत नाय.”

त्यांनी माझ्या शब्दावर एक हंगाम पणाला लावला होता, वाडीत मान खाली घातली होती, आणि मी हे म्हणत होते. मग म्हणाले, “मगे मिरगाक ये. दोगा मिळान बघूया.”

रजेचा अर्ज मी दिला आहे. गावच्या लोकांनो, मुंबई सोडून येते आहे असं समजू नका, मला इथलं कामही हवं आहे. माझं घर घाटकोपरला की तिकडे, तेही मला नक्की सांगता येणार नाही. पण आई काल सांगत होती, बाबांनी सगळा तुकडा भाजून घेतला आणि मधली एक पट्टी तेवढी सोडली. कुणी विचारलं तर सांगतात, ती चेडवाची.