चौदा सेकंद जीभ टाळूला

माणसाला चौदा सेकंद स्तब्ध उभे करणे हा माझा व्यवसाय आहे. कवितेचा विशेष अभ्यास करून मराठीत एम.ए. झाल्यावर मी याहून भारदस्त काही करीन, अशी घरच्यांची अपेक्षा होती. पण दातांच्या एक्स-रेची यंत्रे विकणाऱ्या एका कंपनीला सूचनांचा तक्ता चांगल्या मराठीत हवा होता, आणि त्या महिन्यात चांगल्या मराठीची दुसऱ्या कोणाला गरज नव्हती. तक्ता झाला. मग तो यंत्रांबरोबर घेऊन फिरायला माणूस नव्हता, म्हणून मी फिरू लागले. तेव्हापासून सोलापूर, मोहोळ, अकलूज या पट्ट्यात मी यंत्र विकते, आणि बसवून झाले की दवाखान्यातल्या माणसांना ते वापरायला शिकवते.

या यंत्रात रुग्ण उभा राहतो. दोन्ही हातांनी दांड्या धरतो, हनुवटी टेकवतो, प्लास्टिकची एक खाचेची कांडी समोरच्या दातांत धरतो, आणि यंत्राचा बाहू त्याच्या डोक्याभोवती संथ प्रदक्षिणा घालतो. ती पुरी झाली की घडी घातलेला टॉवेल झटकून पसरावा तसा सगळा जबडा संगणकाच्या पडद्यावर उलगडतो, या कानापासून त्या कानापर्यंत. एवढ्या वेळात ओठ मिटलेले हवेत आणि जीभ टाळूला लागलेली हवी. जीभ खाली राहिली तर वर हवेची पोकळी उरते, आणि ती पोकळी काळा पट्टा होऊन नेमकी वरच्या दातांच्या मुळांवर बसते. मुळे दिसत नाहीत. मुळे दिसावीत म्हणूनच डॉक्टरांनी यंत्र घेतलेले असते.

अडचण अशी की मिटलेल्या तोंडातली जीभ बाहेरच्या कोणालाही दिसत नाही. आणि निव्वळ सरावासाठी कोणावर किरण सोडायचे नाहीत, हा नियम आहे व तो योग्य आहे. म्हणजे मान सरळ आहे का, खांदे खाली आहेत का, हे सारे डोळ्यांनी पाहून शिकवता येते. जिभेचे मात्र फक्त शब्दांवर सोपवावे लागते. या एका कारणासाठी मला ही नोकरी आवडायची.

तक्त्यावरचे वाक्य माझे होते : ‘कृपया ओठ मिटून, जीभ टाळूला अलगद टेकवून स्थिर उभे राहावे.’ यातल्या ‘अलगद’साठी मी तीन दिवस घेतले होते. ‘हळूच’मध्ये थोडी चोरी होती, ‘हलकेच’मध्ये थोडे लाड होते. ‘अलगद’ म्हणताना जीभ स्वतःच वर जाऊन टाळूला निसटता स्पर्श करून येते, हे ध्यानात आल्यावर मी संध्याकाळभर समाधानी होते. कंपनीतल्या कोणी हरकत घेतली नाही. कंपनीतल्या कोणी ते वाचलेही नव्हते.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या एका दवाखान्यात मी यंत्र बसवून, दोन दिवस शिकवून आले. जिना अरुंद होता, खाली किराणा दुकान होते, आणि वर लवंगेच्या तेलाच्या वासात दुकानातल्या ताज्या मिरचीपुडीचा वास मिसळलेला असायचा. रुग्ण शिंकत आणि मग दात दाखवत. डॉक्टर पन्नाशीचे, अबोल. त्यांच्या मदतनीस बाईंना सगळे मावशी म्हणत, डॉक्टरसुद्धा, जरी त्या त्यांच्याहून चार वर्षांनी लहान होत्या. मावशी तिथे एकोणीस वर्षे होत्या. जुन्या काळी एक्स-रेची छोटी फिल्म असे, तेव्हा काळ्या पेटीच्या बाह्यांत दोन्ही हात घालून त्या ती रसायनात बुडवत, आणि वर रुग्णाशी त्याच्या सुनेविषयी बोलत बोलत मनातल्या मनात आकडे मोजत. फिल्म कधी करपली नाही आणि सुनेची गोष्टही कधी अर्धी राहिली नाही. नव्या यंत्राचे बटण डॉक्टरच दाबणार होते. रुग्णाला उभे करणे आणि सूचना देणे हे मावशींचे काम.

दहा दिवसांनी, बुधवारी, डॉक्टरांचा फोन आला.

“मॅडम, नऊपैकी सहा फोटो काळे आलेत. मावशींना काही जमत नाही.”

मी म्हटले, येऊन बघते.

“बघायला या, पण मी एक डिप्लोमावाला टेक्निशियन ठरवलाय. सोमवारी येईल. मावशी राहतील की, आत इन्स्ट्रुमेंट धुवायला. तुम्ही शनिवारपर्यंत मशीनमध्ये दोष नाही एवढं लिहून द्या.”

यंत्रात दोष नाही हे लिहून देणे माझ्या कामाचाच भाग होता. त्यासाठी छापील फॉर्म असतो.

गुरुवारी सकाळी पोहोचले तेव्हा मावशी फरशीवर नव्हे, यंत्रावर फडके मारत होत्या. सोमवारचे त्यांना कळले होते.

“सर वाईट न्हाईत ओ मॅडम,” त्या म्हणाल्या. “पगार तेवढाच देतो म्हंतेत. पर आत ग्येलं की मानूस दिसत न्हाय. एकोनीस वर्सं मी मानसं बगितली. आता नळ बगत बसू व्हय?”

मी म्हटले, आधी बघू या काय चुकते. मनात माझ्याकडे चुकांची यादी तयार होती : हनुवटी वर, मान तिरकी, कानातले काढायचे राहिले. मावशींनी यातली एकही केली नाही. पहिल्या बाईंची कर्णफुले, नथ आणि मंगळसूत्र त्यांनी स्टीलच्या वाटीत काढून घेतले आणि वाटी बाईंच्या नवऱ्याच्या हातात दिली, “मोजून घ्या, मागनं मला इचारू नका,” असे म्हणून. शिशाचा एप्रन बांधला. यंत्राच्या दिव्याची लाल रेघ नाकाच्या मधोमध आणली. मग त्या दोन पावले मागे सरल्या, हात जोडल्यासारखे पोटाशी घेतले, आणि एरवीच्या आवाजाहून निराळ्या, शाळेत प्रार्थनेला काढतात तशा आवाजात म्हणाल्या, “कृपया ओठ मिटून, जीभ टाळूला अलगद टेकवून स्थिर उभे राहावे.”

एक अक्षर चुकले नाही. ‘स्थिर’मधला ‘थ’सुद्धा स्वच्छ होता.

डॉक्टरांनी बटण दाबले, बाहू फिरला, आणि पडद्यावर जबडा उलगडला. वरच्या मुळांवर काळा पट्टा होता.

मी त्या बाईंना विचारले, “जीभ कुठं ठेवली होती?”

“वर लावली की,” त्या म्हणाल्या. “अलगद.” आणि तोंड उघडून त्यांनी दाखवले. जिभेचे टोक, केवळ टोक, समोरच्या दातांमागे टाळूला फुलपाखरासारखे टेकले होते; बाकी सगळी जीभ खाली आरामात पसरली होती. मी लिहिले होते तेच त्यांनी केले होते. सहाही काळे फोटो माझे होते.

हे मी लगेच बोलून दाखवले असे नाही. प्रथम मी वाक्य बदलले. ‘पूर्ण जीभ टाळूला घट्ट दाबा,’ असे पुढच्या रुग्णाला स्वतः सांगितले. तो यंत्रमागावर काम करणारा तरुण होता, घरी तेलुगू बोलणारा, अत्यंत आज्ञाधारक. किरण सोडण्याआधी यंत्राची कोरडी फेरी घेतली. त्याने इतका जोर लावून दाबले की भुवया वर गेल्या, खांदे वर गेले आणि हनुवटी टेकणीवरून सुटली. मग मी कंपनीच्या पुस्तकातली युक्ती काढली : आवंढा गिळा, जीभ वर जाईल, तिथेच धरून ठेवा. त्याने गिळला, जीभ वर गेली असणार, आणि लगेच खालीही आली असणार, कारण त्याने विचारले, “परत गिळू का?” त्याच्यामागे एक आजोबा होते. गालात तंबाखू होती. ती थुंकून या म्हटल्यावर ते थुंकून आले, पण गिळायला तयार होईनात. पन्नास वर्षांत तंबाखूचे पाणी गिळले नाही, आता दवाखान्यात येऊन गिळणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तत्त्वाचा प्रश्न असल्याने मी वाद घातला नाही. दोघांनाही दुपारी परत बोलावले.

दीड वाजता मावशींनी डबा उघडला. कडक भाकरी, दही, शेंगाचटणी, आणि वर्तमानपत्रात वेगळी बांधलेली शेंगापोळी. दाण्याचा आणि गुळाचा तो दाट, किंचित धुरकट वास लवंगेच्या तेलावर सहज मात करून गेला. मला पाऊण पोळी देऊन त्यांनी स्वतःकडे पाव ठेवली.

खाता खाता मी त्यांना माझ्या शब्दाचे सांगू लागले. ‘अलगद’ मी का निवडला, तो कसा चुकीचा ठरला, हे तपशिलात सांगण्याची माझी तयारी होती. पण तिसऱ्या वाक्यालाच सारणाचा मोठा लगदा टाळूला बसला आणि मी गप्प झाले. मावशी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. पदर तोंडाला लावून हसल्या. मग हसायच्या थांबल्या.

“मॅडम, बोलू नका. हलू नका. जीब कुटं हाय तुमची?”

मी बोट वर केले. सगळी जीभ, मुळापासून टोकापर्यंत, टाळूला सपाट लागली होती. ओठ मिटलेले होते. खांदे खाली होते. हनुवटी जागेवर होती. मावशींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, आणि फिल्मच्या काळात मोजत तसे चौदापर्यंत मोजले.

“लई झालं,” त्या म्हणाल्या. “पानी घ्या आता.”

दुपारी आधी तेलुगू तरुण आला. मावशी या वेळी मागे सरल्या नाहीत, हात पोटाशी घेतले नाहीत. त्याच्या कानाशी जाऊन नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “हे बग, टाळूला शेंगापोळी चिकटलीया. जिबेनं दाबून धर. सोडवायची न्हाय. मी सांगंस्तोर सोडवायची न्हाय.” त्याने मान हलवली, मग मान हलवायची नाही हे आठवून मान हलवायचे थांबवले. फोटो आला. वरची सगळी मुळे, धुतलेल्या दोऱ्यासारखी, एकेक सुटी दिसत होती.

आजोबांना नुसती पोळी धरायला हरकत नव्हती. त्यांच्यानंतर बांगड्यांच्या दुकानातल्या एक चाची आल्या. त्यांना ते वाक्य ऐकून प्रश्न पडला, “शेंगापोली? मेरे कू किधर दी?”

“मनातली ओ चाची.”

“मनातली तो मनातली, पर गुळाची है ना?”

“गुळाचीच.”

मग त्या उभ्या राहिल्या, डोळे मिटून, चांगल्या गुळाची असल्यासारख्या. तोही फोटो स्वच्छ होता.

डॉक्टर हे सगळे दारातून पाहत होते. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावले.

“हे काय चाललंय? दवाखाना आहे हा. उद्या लोक म्हणतील, तिथं पोळ्या खाऊ घालतात.”

मी म्हटले, “सर, आधीचे सहा फोटो मावशींमुळं गेले नाहीत. त्यांनी माझं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. चूक वाक्यातल्या एका शब्दाची आहे.”

“कुठल्या?”

“अलगद.”

“चांगला शब्द आहे,” ते म्हणाले.

“हो,” मी म्हटले.

“मग?”

“मग तसं मी फॉर्मवर लिहून देते. यंत्रात दोष नाही, मदतनिसांत दोष नाही, तक्त्यात आहे.” फॉर्मवर तक्त्यासाठी रकाना नव्हता. मी समासात लिहिले आणि सही केली. डॉक्टरांनी ते दोनदा वाचले. “तीन फोटोंवरून काय ठरवायचं? शनिवारी गर्दी असते. शनिवारी बघतो.”

शनिवारी मला अकलूजला जायचे होते. मी गेले नाही. बाकावर रुग्णांच्या रांगेत बसून राहिले. यंत्राजवळ मी जायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. मावशींनी इस्त्रीची साडी नेसली होती आणि माझ्याकडे एकदाही पाहिले नाही. सकाळपासून चार फोटो झाले. डॉक्टर प्रत्येक वेळी पडद्याजवळ वाकत आणि आत जात. पाचवे एक निवृत्त शिक्षक होते. शर्टाच्या खिशात दोन पेने, हातात जुन्या रिपोर्टांची फाईल. मावशींनी त्यांना उभे केले आणि कानाशी जाऊन सांगितले.

शिक्षकांनी तोंडातली कांडी काढली.

“मला शुगर आहे.”

बाकावरची सगळी माणसे वळून बघू लागली. केबिनच्या दारात डॉक्टर होते. खालच्या दुकानात कोणी तरी मिरची तोलत असावे, कारण मला शिंक आली आणि मी ती दाबून धरली.

“ओ गुरुजी, खरी न्हाय,” मावशी म्हणाल्या. “मनातली हाय.”

“माझ्या मनाला सवय नाही. आठ वर्षं गोड सोडलंय.”

“मग सोडायच्या आदीची आठवा की. आईच्या हातची.”

शिक्षकांनी कांडी दातांत धरली, ओठ मिटले, आणि त्यांचे खांदे आपोआप खाली आले. डॉक्टरांनी बटण दाबले. बाहू निघाला, कानामागून गेला, दुसऱ्या कानाशी आला. मावशींचे ओठ हलत होते. त्या मोजत होत्या. बाहू थांबल्यावरही शिक्षक तसेच उभे राहिले. मावशींनी “झालं, सोडा,” म्हटल्यावर आणखी एक क्षण तसेच, आणि मग त्यांनी खरोखरच आवंढा गिळला.

पडद्यावर जबडा उलगडला. डॉक्टर वाकले. वरच्या एका दाढेच्या मुळाशी गव्हाच्या दाण्याएवढी एक सावली होती. दुखण्याचे ते मूळ असावे, कारण डॉक्टरांनी तिथे बोट ठेवले आणि ठेवूनच राहिले. पट्टा असता तर ती दिसली नसती.

ते सरळ झाले, खिशातून फोन काढला आणि जिन्याकडे तोंड करून कोणाला तरी म्हणाले, “सोमवारचं राहू द्या. नाही, नंतरही नाही.” मग वळून, “मावशी, पुढचा पेशंट घ्या.”

मावशींनी पुढच्या बाईंच्या कानातले काढायला वाटी उचलली.

गर्दी ओसरल्यावर मी पेन काढून भिंतीवरच्या तक्त्याकडे गेले. निदान तो एक शब्द खोडावा, असे मला वाटले.

“राहू दे की ताई,” मावशी मागून म्हणाल्या. मॅडमची ताई केव्हा झाले, ते माझ्या लक्षात आले नाही. “छान लिवलंय. कुनी वाचत न्हाय, पर भितीवर बरं दिसतंय.”

मी पेन परत ठेवले. तक्ता अजून तिथे आहे.