आत्याच्या लाँड्रीतला आकाशातला दगड

माझ्या आत्याला नशिबाने दोन गोष्टी दिल्या. मनगटात जोर आणि माझ्या बाबांसारखा थोरला भाऊ. नवरा गेल्यावर पहिलीच्या बळावर तिने वडिलांच्या रिकाम्या गाळ्यात लाँड्री उभी केली. दुसरीचा उपयोग अजून सापडलेला नाही. बाबा तिथे कधी फिरकले नाहीत. त्यांच्या चष्म्यावर वाफ धरायची, बिचाऱ्यांच्या!

एका दुपारी आत्या हॉटेलच्या चादरींच्या घड्या घालत होती. धाडकन पत्रा फाडून एक दगड आत आला आणि चादरींच्या गठ्ठ्यात रुतून बसला. दुसरी कुणी असती तर किंचाळली असती. आत्या चिडली. चादरी पुन्हा धुवाव्या लागणार होत्या.

समोरचा सायकल दुरुस्तीवाला धावत आला. "ताई, हात लावू नका! तापलेला असेल!"

"गारढोण आहे," दगड उचलत आत्या म्हणाली. "जड आहे मेला. आणि घाणेरडा."

घाणेरड्या वस्तूचं काय करायचं हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. गरम पाणी, साबण, वरून झाकणभर ब्लीच. ब्रशने खसाखसा घासून तिने तो पांढऱ्या टॉवेलवर वाळत ठेवला. सकाळी टॉवेलवर तांबूस डाग! गंजाचा डाग ती वासावरून ओळखते. दगडात लोखंड आहे एवढं कळल्यावर तिने विमा कंपनीला फोन लावला. विमानाचा तुकडा असेल तर विमानवाल्यांना विचारा, तिथले साहेब म्हणाले, नाहीतर ती देवाची करणी. देवाचा फोन नंबर मात्र त्यांच्याकडे नव्हता.

शेवटी मी दगडाचा फोटो विद्यापीठात पाठवला. लगोलग भूशास्त्राच्या प्राध्यापिका दारात हजर, धापा टाकत.

"याला पाणी तर लागलं नाही ना?"

"पाणी? अहो, ब्लीच लावलंय!" आत्या अभिमानाने म्हणाली.

प्राध्यापिका इस्त्रीच्या टेबलाला धरून खाली बसल्या.

तपासणीसाठी त्यांनी एक चकती कापून नेली आणि काही आठवड्यांनी निकाल सांगायला आल्या. ही उल्का फार दुर्मिळ जातीची. निम्म्याहून जास्त भाग धातूचा, लोखंड आणि त्यात थोडं निकेल. उरलेल्यात काचेसारखे खडकाचे बारीक मणी. सूर्यमाला अगदी तान्ही असताना दोन पिंड एकमेकांवर आदळले असावेत, त्या म्हणाल्या. टक्कर इतकी जबर की लोखंडाची वाफ झाली. वाफ निवली, तिचे थेंब झाले आणि थेंब एकमेकांना चिकटून हा दगड तयार झाला.

"कधीची गोष्ट?" आत्याने विचारलं.

"साडेचार अब्ज वर्षांपूर्वीची."

"आणि पडायला माझीच चादर मिळाली!"

बातमी पेपरात आली आणि बाबांच्या चष्म्याची अडचण एका रात्रीत दूर झाली. लाँड्रीत येऊन ते गंभीरपणे छताकडे बघत राहिले.

"अगं, हे छप्पर आपल्या वडिलांनी घातलेलं. म्हणजे दगडात माझाही अर्धा वाटा येतो."

"येतो की, दादा. भोकही निम्मं तुझंच. शिडी तिकडे आहे, चढ आणि बुजव."

बाबांना तेवढ्यात कंबर आठवली. पण वाटा काही ते विसरेनात. रोज फोन, आईमार्फत निरोप, मामांमार्फत दबाव. आत्या कंटाळली. कटकटीपुढे शहाणपण कुणाचं चाललंय? प्राध्यापिकांनी डोळे पुसत दगडाचे दोन भाग करून दिले. आत्याने तिथल्या तिथे आपला भाग त्यांच्या हातात ठेवला. "नीट कोरडा ठेवा," त्यांनी बाबांना बजावलं. बाबांनी मान डोलावली. पटलं नाही की ते नेहमी तसंच करतात. चोर कुठे शोधणार नाहीत, असा खोल विचार करून त्यांनी आपला भाग प्लास्टिकच्या पिशवीत बांधला आणि बाथरूमच्या माळ्यावर गिझरमागे दडवला.

काही महिन्यांनी एक परदेशी संग्राहक बघायला येणार म्हणून पिशवी खाली काढली. आत तपकिरी भुगा आणि दोन-चार खपल्या. ब्लीच आणि दमट हवा यांनी मिळून काम चोख केलं होतं. बाबा पिशवी घेऊन तडक लाँड्रीत गेले.

"तू गंज काढतेस ना गं?"

आत्याने पिशवीत डोकावून पाहिलं. "काढते की. पण गंजाखाली कापड उरलेलं लागतं, दादा."

ती हसली नाही, हे तिचे उपकार. उलट बाबांसाठी चहा मागवला. ते बराच वेळ बसले, चष्मा पुसत.

पुढच्या आठवड्यात प्राध्यापिकांनी आम्हाला प्रयोगशाळेत बोलावलं. आत्याचा भाग तिथे हवाबंद कपाटात ठणठणीत होता. त्याची चकाकवलेली चकती त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. आत्या वाकली ती वाकलीच. मागे रांगेत थांबलेला एक विद्यार्थी खाकरला, तरी हलेना.

"थेंब दिसतायत," ती हळूच म्हणाली. "गोल गोल." मग मान वर करून तिने विचारलं, "आदळले त्या दोघांचं पुढे काय झालं हो?"

"माहीत नाही. ते अजून कुणाला सापडलेले नाहीत."

आत्याने पदराने डोळे टिपले, भिंगातला उजेड फार प्रखर आहे अशी तक्रार केली आणि पुन्हा वाकली.