नानांनी दिलेलं मानपत्र

मेहरूणकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आमच्या गल्लीच्या तोंडाशी सरकारी नळ होता. पलीकडच्या वस्तीत महारांची घरं होती, मुसलमान टांगेवाले होते, फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं होती. त्यांना तिथं कुणी पाणी भरू देत नसे. माझी थोरली बहीण प्राथमिक शाळेत शिक्षिका. सगळे तिला अक्का म्हणत. ती त्या बायकांना घेऊन नळावर जाऊ लागली. गल्लीतले नाना, कापसाच्या जिनिंगचे मालक, भडकले. एका सकाळी त्यांनी भरलेली घागर अक्काच्या अंगावर उलटी केली आणि नळाला कुलूप ठोकलं. अक्कानं मामलेदारांकडे तक्रार केली.

सुनावणी तोंडावर आली असताना नानाच आमच्या दारात हजर.

"अक्का, सगळ्या जातिधर्मांच्या लोकांच्या हक्कांसाठी तुम्ही झटलात. आमचं मंडळ तुम्हाला मानपत्र देणार आहे."

ते गेल्यावर अक्का म्हणाली, "तक्रार मागं घ्यायला लावायचा डाव आहे हा."

मलाही तसंच वाटलं. वस्तीतली एक बाई विचारायला आली, "अक्का, हाई खरं शे का?"

"मानपत्र खरं असेल," अक्का म्हणाली, "माणसाचं सांगता येत नाही."

तरी अक्का मंडळाच्या सभेला गेली. तिथं नानांनीच मानपत्र वाचलं. 'अंगावर घागर ओतली गेली तरी त्या हटल्या नाहीत' या ओळीशी ते अडखळले, घोटभर पाणी प्यायले. अक्काची नजर त्यांच्यावरून हलत नव्हती. शाल देताना तरी तक्रारीचा विषय काढतील, असं तिला वाटत होतं. त्यांनी काढला नाही. त्यानं ती जास्तच सावध झाली.

सुनावणीत नाना उठून म्हणाले, "कुलूप मीच लावलं. घागरही मीच ओतली."

त्यांचा वकील त्यांची बाही ओढत राहिला.

"यात काहीतरी काळंबेरं आहे," अक्का माझ्या कानाशी पुटपुटली.

नळ सगळ्यांना खुला झाला. कचेरीबाहेर तिनं विचारलंच, "नाना, ते मानपत्र कशासाठी होतं?"

"तुम्ही तक्रार मागं घ्यावी म्हणूनच," नाना म्हणाले. "पण वाचताना पाहिलं, घागर कोणी ओतली ते त्यात लिहिलंच नव्हतं. समोर बसलेल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. मला पुढं वाचवेना."

पुढं पुष्कळ दिवस शाळेत जाताना अक्का नळापाशी थांबून परत कुलूप लागलं नाही ना, ते बघून पुढं जायची. नानांच्या बायकोनं चहाला बोलावलं, तर काहीतरी कारण सांगायची. त्यांच्या ओसरीवर ती बसली, तोवर वर्ष उलटून गेलं होतं.