हाजीसाहेबांचा सूर्यास्त

इजिप्तमधल्या दमनहूरच्या आमच्या अंधशाळेला वर्षातले अकरा महिने कुणी विचारत नाही. रमजान लागला की शहराला आपल्या आत्म्याची आठवण होते आणि तो आत्मा सहकुटुंब आमच्या जेवणघरात येऊन बसतो. त्या एका महिन्यात मुलांना इतकी कोंबडी खाऊ घालतात की काहींना ओकाऱ्या होतात. मग ईद होते, आणि पुन्हा मसुराचं कालवण.

मी तिथे तीस वर्षं भूगोल शिकवला. दात्यांना मी पाहिलं आहे. आंधळ्या मुलांना देण्यासाठी त्यांना नेहमी पाहण्याजोगीच वस्तू सुचते. एकाने जेवणघराच्या भिंतीवर धबधबा रंगवून दिला. एकीने रंगीत पडदे दिले. हाजी शाकिर अल-बगूरी यांचं स्टेशनरस्त्यावर फरशा आणि न्हाणीघराच्या सामानाचं दुकान आहे. ते दरवर्षी चारशे कॅलेंडरं पाठवत. जाड, गुळगुळीत कागद, बारा पानं आणि प्रत्येक पानावर स्वतः हाजीसाहेब. जानेवारीत वॉशबेसिनशेजारी, जूनमध्ये कारंज्याशेजारी. शाळेत मुलं साठ. कॅलेंडरं कोठीत रचली जात आणि त्यांच्यावर मांजर व्यायचं.

मला सांगायचं आहे ते अब्ला तफीदाबद्दल. अब्ला म्हणजे आमच्याकडे शाळेतली बाई. तिसऱ्या वर्षी तिचे डोळे आले, आजीने त्यांत कांद्याचा रस आणि मीठ घातलं, आणि तिथून पुढे गावात तिला ‘आंधळी’ याखेरीज नाव उरलं नाही. सातव्या वर्षी बाप तिला आमच्या फाटकाशी सोडून गेला. ती शिकली आणि इथेच राहिली. तिचं काम पुस्तकं करण्याचं. सरकारी पुस्तकं डोळसांना सप्टेंबरात मिळतात. आमच्या मुलांची ब्रेलमधली मार्चमध्ये येतात, नाहीतर येतच नाहीत. मग मी वाचायचं आणि तिने यंत्रावर टिंबं उठवायची. पंचवीस वर्षांत तिच्या अंगठ्याला घट्टा पडला होता आणि जिभेलाही. एकदा कुणा बड्या बाईने तिच्या केसांवरून हात फिरवला आणि “बिचारी” म्हणाली. तफीदा म्हणाली, “माझे डोळे गेलेत. तुझं काय गेलं, एवढा गळा काढायला?”

त्या वर्षी इन्शिराह शेवटच्या वर्गात होती. सतरा वर्षांची, हट्टी, हुशार. परीक्षा जूनमध्ये, आणि इतिहासाचं पुस्तक आलंच नव्हतं. तफीदा ते करायला बसली तर कागद संपला. ब्रेलला जाड कागद लागतो. साध्या कागदावरची टिंबं दोनदा बोट फिरलं की झोपतात. आमचे मुख्याध्यापक उस्ताद फिक्री यांनी हाजींना गाठलं. हाजी म्हणाले, देतो. इफ्तारच्या दिवशी गाडीतून घेऊन येतो, फोटो झाला की उतरवू.

इफ्तारच्या दिवशी गाडी फाटकात उभी राहिली. मी आत डोकावलो. जाड कागदाचे गठ्ठे खरोखरच होते. जेवणघरात मुलं ओळीने बसली होती, प्रत्येकापुढे खजूर आणि जर्दाळूचं सरबत. सूर्य मावळायला अर्धा तास होता. हाजींनी आणलेला फोटोवाला खिडकीतून बाहेर पाहत दबक्या आवाजात म्हणाला, “आत्ता काय सुंदर ऊन आहे. रोजा सोडायच्या बांगेपर्यंत थांबलो तर सगळे चेहरे काळे येतील.”

“मग?” हाजी म्हणाले.

“मोबाइलवर बांग लावू. मुलं खजूर तोंडाला लावतील, मी टिपून घेतो.”

उस्ताद फिक्रींनी मान खाजवली. “वीस-बावीस मिनिटांचाच प्रश्न आहे. अल्ला माफ करणारा आहे. आणि यांना कुठे काय दिसतंय?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीतून सूर्याकडे पाहिलं. तो सरकी कारखान्याच्या धुराड्यावर वीतभर वर होता, पिवळाधमक. मी गाडीतल्या गठ्ठ्यांचा विचार केला आणि गप्प बसलो. दात्यांबद्दल मला जेवढा तिरस्कार आहे, त्यातला एक वाटा मी त्या दिवसापासून माझ्यासाठी काढून ठेवतो.

बांग वाजली. घोटीव, गोड, कुठल्यातरी मोठ्या शहरातला आवाज. मुलांचे हात खजुराकडे गेले. हाजींनीही एक खजूर उचलला, ओठांपाशी नेला आणि तिथेच धरून ठेवला. स्वतःचा रोजा त्यांना प्यारा होता.

नऊ वर्षांची रीहाम पहिल्यांदाच सगळे रोजे धरत होती. खजूर हातात घेऊन ती म्हणाली, “अब्ला, शेख जहरान आज खोकले नाहीत.”

आमच्या गल्लीतल्या मशिदीचे शेख जहरान बांग देण्याआधी दोनदा खोकतात. वीस वर्षं खोकतायत. मी ते कधी ऐकलंच नव्हतं.

टेबलाच्या टोकाला तफीदाने मनगटावरच्या घड्याळाची काच उघडली आणि काट्यांवरून बोट फिरवलं.

उस्ताद फिक्री घाईने तिच्या कानाशी वाकले. “अब्ला, कागद गाडीत आहे.”

“ठाऊक आहे. उतरवल्याचा आवाज आला नाही.”

“इन्शिराहच्या पुस्तकाचा आहे.”

“तेही ठाऊक आहे.” मग ती मोठ्याने म्हणाली, “हाजीसाहेब, आहात का?”

“आहे, बाई, आहे. मुलांना खाऊ द्या.”

“पाहुणा आधी. तुम्ही खा, मग मुलं खातील.”

हाजींचा खजूर ओठांपाशीच होता.

“खाल्लात?”

साठ मुलं कान देऊन होती. एका माणसाच्या न खाण्याचा आवाज ती ऐकत होती, आणि तो फार मोठा होता.

“बावीस मिनिटं आहेत अजून,” तफीदा म्हणाली. “हाजींचा रोजा हाजींना जपता येतो. आमचाही आम्हाला येतो.”

सगळ्यांत आधी इन्शिराहने खजूर ताटलीत ठेवला. टक. मग रीहामने. मग ओळीने टक टक टक, शेवटच्या बाकापर्यंत.

“आमच्या हातचं खायचं आणि आम्हालाच शिकवायचं,” हाजी फोटोवाल्याला म्हणाले. “उपकाराची जाणच नाही यांना.”

“उपकार काळा येईल फोटोत,” तफीदा म्हणाली. “ऊन चाललंय. निघा.”

हाजी गेले. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि तिच्याबरोबर कागदही गेला. उस्ताद फिक्री भिंतीला टेकून कपाळ चोळत राहिले. मुलं बसून होती. बावीस मिनिटांनी शेख जहरान दोनदा खोकले.

त्या रात्रीपासून तफीदा माझ्याशी बोलली नाही. मी खिडकीशी उभा होतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं. ईदनंतर दहा दिवसांनी ती वर्गाच्या दारात आली.

“नाजी, त्या बगूरीची कॅलेंडरं कुठायत?”

“कोठीत. मांजर बसतं त्यांच्यावर.”

“मांजराला उठव.”

मी एक गठ्ठा आणला. तिने एक पान फाडलं, घट्टा पडलेल्या अंगठ्याने दाबून पाहिलं, यंत्रात घातलं, एक ओळ उठवली आणि तिच्यावरून पाच-सहा वेळा जोराने बोट घासलं. टिंबं ताठ उभी.

“कागद माणसापेक्षा बरा निघाला,” ती म्हणाली. “वाच.”

मी वाचत गेलो. मे महिनाभर, रोज दुपारी, पंखा बंद असला तरी. कालवा, कापूस, खेदीव राजे, कर्ज, परकी फौज. सगळा इतिहास तिने हाजींच्या तोंडावरून उठवला. टिंबं कपाळातून वर यायची, गालांतून, त्या बारा महिने टिकणाऱ्या हसण्यातून. त्या वर्षीचीच कॅलेंडरं अजून साडेतीनशे उरली होती. पुढे विज्ञानही त्यांच्यावरच झालं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी इन्शिराह अंगणात पायरीवर बसून उजळणी करत होती. बोट मध्येच थांबलं.

“उस्ताद नाजी, हा कागद इतका गुळगुळीत का? याच्यावर काही छापलंय?”

मी वाकून पाहिलं. मार्चचं पान होतं. हाजीसाहेब नळाशेजारी.

“एका दुकानाची जाहिरात आहे,” मी म्हणालो.

“काय विकतात?”

“नळ, फरशा.”

“बरं,” ती म्हणाली, आणि पान उलटून पुढे वाचू लागली.