मुक्ताच्या गाण्याखालचं भांडण

गेल्या वर्षी मी चार दिवस एकवीस वर्षांची तरुणी होतो.

(गैरसमज नको! मी कोथरूडमधला, सरकारी नोकरीतला, चष्म्याचा नंबर दरवर्षी वाढणारा गृहस्थ आहे.)

झालं असं, की आमच्या मुक्तानं, म्हणजे बारावीतल्या लेकीनं, आपल्या गाण्याचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. खाली कुणीतरी लिहिलं, 'ताई, आधी घसा साफ करा.' त्यावर हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. पोरगी जेवताना फोन बघायची आणि ताट सरकवायची. "आई, मी खरंच बेसूर गाते का गं?" हे दिवसातून दहादा. रियाज बंद.

माझ्यातला बाप खवळला! 'स्वरा, वय एकवीस' असं खातं उघडलं, फोटोच्या जागी जास्वंदीचं फूल लावलं आणि लिहिलं, 'आपला आवाज अत्यंत सुश्राव्य आहे.' (एकवीस वर्षांच्या मुली असं बोलत नाहीत, हे नंतर कळलं.) तो घसेवाला उलटला. मी त्याचं व्याकरण काढलं, त्यानं माझी अक्कल काढली. बघ्यांची गर्दी वाढली. चौथ्या दिवशी ऑफिसात डबा खाताखाता मी तावातावानं लिहिलं, 'माझ्या मुलीबद्दल नीट बोला!'

एकवीस वर्षांच्या स्वराला बारावीतली मुलगी! संध्याकाळपर्यंत हे मुक्ताच्या कॉलेजच्या ग्रुपवर पोचलं होतं.

बायकोनं दार उघडलं. "या स्वराताई." पण ती हसली नाही. "आत जाऊन बघा तिच्याकडे."

मुक्ता भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"बाबा, मी कॉलेजला जाणार नाही."

"अगं, मी तुझ्याच बाजूनं भांडत होतो."

"कळतंय रे. पण आधी थोडे जण हसत होते, आता सगळं कॉलेज हसतंय. आणि चार दिवस मी रडत होते, तेव्हा तू कुठे होतास?"

मी शेजारच्या खोलीत होतो. फोनमध्ये डोकं घालून.

आठ दिवस ती घराबाहेर पडली नाही. मग सदाशिव पेठेतल्या एका समुपदेशक मॅडमकडे गेलो. "सगळंच नकोसं वाटतं का?" त्यांनी विचारलं. "कधीकधी," मुक्ता म्हणाली. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत हे चाललं होतं.

खातं बंद केलं. रोज संध्याकाळी फोन कपाटात ठेवून तिच्याजवळ नुसता बसू लागलो. सल्ला द्यायचा नाही, ही मॅडमची अट. (पुणेकराला!) पहिले काही दिवस ती भिंतीकडेच तोंड करून पडायची. मग एकदा मेथी निवडताना स्वतःशीच गुणगुणू लागली. मी 'वा!' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"आवडलं नाही का?"

"गा तू. ऐकतोय."

पुढच्या आठवड्यात ती कॉलेजला गेली. पहिल्या दिवशी रडत परत आली, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. दोनेक महिन्यांनी मॅडम म्हणाल्या, "मुक्ता, आता तुला दर आठवड्याला यायची गरज नाही."

मीही सुटकेचा निःश्वास टाकून उठलो.

"तुम्ही बसा," मॅडम म्हणाल्या. "तुमचं अजून सुरूच व्हायचंय."